मतपत्रिकेवर मूलपेशी

२ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. बुश की केरी, या प्रश्नाकडे सगळ्या जगाचे डोळे लागले होते. कॅलिफोर्नियातल्या मतदाराच्या हातात मात्र त्या दिवशी आणखी एक विलक्षण प्रश्न होता. शरीरातल्या एका विशिष्ट प्रकारच्या पेशीवर संशोधन करण्यासाठी राज्याने दहा वर्षांत ३०० कोटी डॉलरचं कर्ज काढावं का? हो की नाही? शंभरातल्या ५९ जणांनी 'हो' म्हटलं.

मी जेव्हा जेव्हा या निकालाचा विचार करते, तेव्हा थक्क होते. रस्ता, धरण, शाळा यांसाठी लोक मत देतात, कारण त्या गोष्टी डोळ्यांना दिसतात. इथे लाखो लोकांनी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या एका पेशीसाठी, आणि ज्या उपचारांचा अजून पत्ताही नव्हता अशा उपचारांसाठी, आपल्यावर आणि आपल्या मुलांवर कर्ज घेतलं. त्यांना हे पटवून दिलं ते मुख्यतः आजारी माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. मूलपेशींचा इतिहास लिहिताना प्रयोगशाळांची नावं ठळक छापली जातात, ते योग्यच आहे. पण ही घरची माणसं वगळली तर तो इतिहास अर्धाच राहतो.

आधी त्या पेशीकडे बघू, कारण इतक्या लोकांना ओढून घेईल असं काहीतरी तिच्यात खरोखरच आहे.

आपल्या हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते, तिथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. दर सेकंदाला! एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मग मोडीत निघते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, कातडीचा वरचा थर महिन्याभरात. म्हणजे आपण ज्याला 'माझं शरीर' म्हणतो, ते सतत झडत असतं आणि सतत भरून निघत असतं. पण भरून काढतं कोण? तांबड्या पेशीला स्वतःसारखी दुसरी निर्माण करता येत नाही, तिच्यात केंद्रकच उरलेलं नसतं. तिच्या मागे, मज्जेत खोल, मूलपेशी बसलेली असते. तिचं वागणं घरातल्या विरजणासारखं आहे. ती विभागली की एक पेशी कामाला निघते, वाढत वाढत रक्त होते. दुसरी तशीच मागे राहते, उद्याच्यासाठी. सत्तर-ऐंशी वर्षं हे अखंड चालतं.

अशी पेशी असते याचा पुरावा १९६१ मध्ये टोरांटोत मिळाला. जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक हे डॉक्टर, दोघे मिळून किरणोत्साराचा परिणाम अभ्यासत होते. किरणांनी मज्जा नष्ट झालेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसू लागल्या. एकेका गाठीत निरनिराळ्या प्रकारच्या रक्तपेशी होत्या, आणि पुढे सिद्ध झालं की अख्खी गाठ एकाच पेशीपासून उगवते. रक्ताच्या कर्करोगावर आज जी मज्जारोपणं होतात, त्यांचं शास्त्र या गाठींपाशी उलगडलं. भारतातलं पहिलं मज्जारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये झालं.

मात्र मज्जेतली मूलपेशी रक्तच बनवते. तिच्याकडून मेंदू किंवा स्वादुपिंड मागून मिळत नाही. सगळं काही बनवू शकणारी पेशी आयुष्यात फार थोडा काळ असते. गर्भ चार-पाच दिवसांचा असतो, आईच्या गर्भाशयाला अजून चिकटलेला नसतो, शेदोनशे पेशींचा एक पोकळ चेंडू, टाचणीच्या टोकाहूनही लहान. त्या चेंडूच्या आत एका बाजूला पेशींचा लहानसा पुंजका असतो. डोळा, हृदय, नख, मज्जारज्जू, सगळं त्या पुंजक्यातून होणार असतं. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी गर्भातल्या अशा पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवण्यात यश मिळवलं. पेशी जिवंत राहिल्या, वाढत राहिल्या, आणि काय व्हायचं ते त्यांनी अजून ठरवलेलं नव्हतं.

त्याच क्षणी वादही जन्मला. या पेशी मिळवायच्या तर तो गर्भ मोडतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत वापरले न गेलेले, गोठवून ठेवलेले आणि एरवी टाकून दिले जाणारे गर्भ शास्त्रज्ञ मागत होते. तरीही ज्यांच्या श्रद्धेनुसार पहिल्या दिवसापासून तो माणूसच आहे, त्यांना हे मान्य होणं शक्य नव्हतं. त्यांच्या भूमिकेला हसण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि नाही. स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या काही संस्थांनीही वेगळा आक्षेप घेतला होता: संशोधनाला बीजांडं लागतील, ती कोणाच्या शरीरातून आणि कोणत्या आमिषाने काढली जातील?

९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दूरचित्रवाणीवरून मधला मार्ग जाहीर केला. त्या दिवसापर्यंत जगात ज्या गर्भपेशींच्या मालिका, म्हणजे एकेका गर्भातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेले पेशींचे वंश, तयार आहेत, तेवढ्यांवरच्या संशोधनाला केंद्र सरकार पैसा देईल. नवीन मालिकांना नाही. मग जगभरातल्या मालिकांची यादी प्रसिद्ध झाली. स्वीडन, इस्रायल, ऑस्ट्रेलिया यांच्या जोडीला त्या यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूची राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संस्था, अशी दोन भारतीय नावं होती. यादी साठाच्या वर मालिकांची होती, पण कामाला येण्याजोग्या शेवटी एकवीसच निघाल्या. शास्त्रज्ञांचे हात बांधले गेले होते, आणि आजारी माणसांच्या घरांत ही बातमी काय होऊन पोचली असेल ते ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला सांगायला नको.

अशा घरांपैकी एक घर रीड यांचं. डॉन रीड हे मरीन वर्ल्डमध्ये शार्क आणि डॉल्फिनच्या टाक्यांत काम करणारे पाणबुडे, पुढे शाळेत शिक्षक झाले. १९९४ मध्ये त्यांचा मुलगा रोमन कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात मानेवर आदळला आणि खांद्याखालचं बहुतेक शरीर निश्चल झालं. बापाने जीवशास्त्र वाचायला घेतलं. आमदारांची दारं झिजवली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाने रोमनच्या नावाचा कायदा केला: मज्जारज्जूच्या इजेवरच्या संशोधनाला राज्य दरवर्षी थोडा पैसा देईल. त्या पैशातला काही भाग अर्व्हाइन इथल्या हान्स कीरस्टेड यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे गर्भपेशींपासून अशा पेशी घडवल्या जात होत्या, ज्या चेतातंतूंभोवतीचं उखडलेलं आवरण पुन्हा चढवू शकतील. मज्जारज्जू दुखावलेल्या उंदरांमध्ये त्या सोडल्यावर उंदीर पुष्कळ बरे चालू लागले. रोमनने प्रयोगशाळेत जाऊन त्यांतला एक उंदीर आपल्या तळहातावर घेतला होता, असं डॉन रीड यांनी लिहून ठेवलं आहे.

दुसरं घर रॉबर्ट क्लाइन यांचं. ते वकील, आणि परवडणाऱ्या घरांच्या बांधकामासाठी कर्जरोखे उभारण्यात मुरलेले. मुलाला टाइप १ मधुमेह, आईला अल्झायमर्स. क्लाइन यांनी जी कल्पना मांडली, ती मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत धाडसी वाटते. संशोधनाचा पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून का मागायचा? सरकार बदललं की तो तुटतो, आणि पेशीवरचं काम दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीचं असतं. पूल बांधायला आपण कर्जरोखे काढतो, कारण पुढच्या पिढ्याही त्या पुलावरून जाणार असतात आणि खर्चात त्यांचाही वाटा असावा. उपचारांचंही तसंच नाही का? कॅलिफोर्नियात ठरावीक संख्येने सह्या गोळा केल्या तर नागरिक आपला कायदा थेट मतपत्रिकेवर नेऊ शकतात. सह्या गोळा झाल्या. प्रस्तावाला क्रमांक मिळाला ७१.

मोहिमेत प्रसिद्ध चेहरेही उतरले. 'सुपरमॅन'च्या भूमिकेने जगाला माहीत झालेले ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली निश्चल झाले होते. श्वासासाठी यंत्राचा आधार घेणाऱ्या या माणसाने प्रस्ताव ७१ साठी जाहिरात चित्रित केली आणि १० ऑक्टोबर २००४ रोजी, मतदानाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ते गेले. जाहिरात त्यानंतर प्रसारित झाली. पार्किन्सन्स जडलेला अभिनेता मायकेल जे. फॉक्स पुढे आला. रोनाल्ड रेगन त्याच वर्षी जूनमध्ये अल्झायमर्सने वारले होते; त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाच्या धोरणाविरुद्ध जाऊन या संशोधनाची बाजू आधीपासून घेतली होती. रिपब्लिकन गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनीही पाठिंबा दिला. व्याधी पक्ष बघून घरात शिरत नाही, म्हणून ही फळी अशी सर्वपक्षीय झाली.

मतं पडली, पण पैसा लगेच आला नाही. विरोधकांनी कोर्टात दावे लावले आणि रोखे विकणं २००७ पर्यंत अडकून राहिलं. मधल्या काळात, या पैशाचं वाटप करण्यासाठी कायद्याने उभी केलेली संस्था देणगीदारांनी आगाऊ रक्कम देऊन चालती ठेवली. जुलै २००६ मध्ये बुश यांनी संशोधनावरची बंधनं सैल करणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, आणि दुसऱ्याच दिवशी श्वार्झनेगर यांनी राज्याच्या तिजोरीतून १५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं.

संस्थेचं नाव कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट फॉर रिजनरेटिव्ह मेडिसिन. शरीराचा झिजलेला किंवा गमावलेला भाग पुन्हा उभा करण्याचं वैद्यक, असा रिजनरेटिव्ह मेडिसिनचा अर्थ. तिच्या २९ जणांच्या नियामक मंडळात १० जागा कायद्यानेच रुग्णांच्या प्रतिनिधींसाठी राखल्या होत्या. मधुमेह, पार्किन्सन्स, एचआयव्ही, कर्करोग अशा एकेका व्याधीच्या वतीने बोलणारा माणूस, विद्यापीठांच्या प्रमुखांच्या शेजारी, त्याच टेबलाशी, त्याच मताच्या अधिकाराने बसत होता. सगळं निर्मळ होतं असंही नाही. ज्या विद्यापीठांना अनुदान मिळत होतं, त्यांचीच माणसं मंडळावर होती, आणि २०१२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालात या हितसंबंधांवर बोट ठेवलं. बोट योग्य जागी होतं.

इकडे विज्ञान स्वतःच्या वाटेने असं वळलं की कोणत्याही मोहिमेला ते आधी सांगता आलं नसतं. क्योतोत शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या कातडीच्या पेशीत अवघी चार जनुकं घातली आणि ती पेशी मागे गेली. वय, ओळख, काम सगळं विसरून ती पुन्हा गर्भपेशीसारखी झाली. २४ जनुकांपासून त्यांनी सुरुवात केली होती. एकेक काढत चारांवर आले. हे कळल्यावर आपल्या हाताच्या पाठीकडे बघावं. तिथल्या कातडीच्या प्रत्येक जिवंत पेशीत हृदय होण्याचं, डोळा होण्याचं सगळं लिखित शाबूत आहे, नुसतं मिटून ठेवलेलं आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये मानवी पेशींवर हाच प्रयोग जमल्याचं दोन ठिकाणांहून एकाच दिवशी जाहीर झालं. एक यामानाकांची प्रयोगशाळा, आणि दुसरी जेम्स थॉमसन यांची. ज्यांच्या शोधाने वाद सुरू झाला होता, त्यांनीच वादाला वळसा घालणारी वाटही दाखवली. यामानाकांना २०१२ चं नोबेल मिळालं, जॉन गर्डन यांच्यासोबत. गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक वापरून अख्खं नवं पिल्लू घडवता येतं हे कितीतरी आधी, १९६२ मध्ये, दाखवलं होतं.

मग त्या ३०० कोटींचं झालं काय? जाहिरातींत चाकाच्या खुर्चीतून उठणारी माणसं आणि इन्सुलिन सुटलेली मुलं यांची आशा होती. मोहिमेने ती आशा घाईची करून दाखवली, असं माझं मत आहे. मज्जारज्जूचा उपचार २०१० मध्ये पहिल्या रुग्णापर्यंत पोचला, पुढच्याच वर्षी तो चालवणाऱ्या कंपनीने खर्चाचं कारण देऊन हात काढून घेतला, आणि मग राज्याच्या या संस्थेच्या मदतीने चाचणी पुन्हा उभी राहिली. काही रुग्णांच्या हातांत थोडी अधिक हालचाल आली. हातांत थोडी हालचाल म्हणजे स्वतःच्या हाताने घास घेणं असू शकतं, हे खरं. पण मोहिमेत सांगितलं होतं ते हे नव्हे.

सर्वांत मोठं यश आलं ते जाहिरातीत जवळजवळ नसलेल्या मुलांच्या वाट्याला.

काही बाळं रोगप्रतिकारशक्तीशिवाय जन्मतात. साधी सर्दी त्यांचा जीव घेऊ शकते. ह्यूस्टनमध्ये असाच एक मुलगा १९७१ मध्ये जन्मला आणि जवळजवळ सगळं आयुष्य प्लास्टिकच्या निर्जंतुक फुग्यात काढून बाराव्या वर्षी गेला. या विकाराच्या एका प्रकारात एडीए नावाचं विकर बनवणारं जनुक बिघडलेलं असतं. विकर नसलं की पेशींत एक विषारी द्रव्य साठतं आणि संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मरतात. लॉस एंजेलिसमधले डॉक्टर डोनाल्ड कोन यांनी १९९३ मध्ये तीन नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी घेऊन त्यांत चांगलं जनुक घालून बघितलं. बाळांना धोका झाला नाही, पण गुणही पुरेसा आला नाही. ते थांबले नाहीत. वर्षानुवर्षं एकेक भाग सुधारत राहिले, आणि त्यातल्या पुढच्या टप्प्यांना कॅलिफोर्नियाच्या मतदारांचा पैसा मिळाला.

आजची पद्धत अशी. बाळाचीच मज्जा काढतात आणि तिच्यातल्या मूलपेशी निवडून वेगळ्या करतात. चांगलं जनुक आत पोचवायला वाहन लागतं. ते वाहन एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूपासून, त्याचे दात पाडून, तयार केलेलं असतं. जगभर प्रतिकारशक्ती उद्ध्वस्त करणारा विषाणू इथे प्रतिकारशक्तीचं जनुक पाठीवर घेऊन येतो! दरम्यान बाळाच्या हाडांत थोडी जागा मोकळी व्हावी म्हणून एका औषधाची कमी मात्रा देतात. मग त्या पेशी सलाइनच्या नळीतून शिरेत सोडतात. हाडापर्यंत त्यांना कोणी नेत नाही. रक्तातून वाहत जाऊन त्या आपली मज्जा स्वतः शोधतात, तिथे स्थिरावतात आणि रक्त बनवू लागतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

२०२१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ५० मुलांचे निकाल प्रसिद्ध झाले. पन्नासही मुलं जिवंत होती, आणि ४८ जणांमध्ये उपचार पूर्ण यशस्वी ठरला होता. २०२५ मध्ये दीर्घकाळच्या पाहणीचा अहवाल आला: ६२ मुलं, सगळी जिवंत, ५९ जणांना दुसऱ्या कोणत्याही उपचाराची गरज उरलेली नाही. शाळेत जाणारी, चिखलात खेळणारी, सर्दी होऊन बरी होणारी मुलं.

मधुमेहाचीही वाट हळूहळू मोकळी होते आहे. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूलपेशींपासून वाढवलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी टाइप १ मधुमेहाच्या गंभीर रुग्णांना दिल्या गेल्या. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षाअखेर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. या पेशी स्वादुपिंडात नव्हे, यकृतात जाऊन राहतात आणि तिथून रक्तातली साखर मोजत, लागेल तसं इन्सुलिन सोडत असतात. शरीराने त्यांना परकं समजून मारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घ्यावी लागतात, आणि ती किंमत लहान नाही.

आशेचा हा मळा पिकू लागला तसे त्यात चोरही शिरले. आपल्याच पोटातल्या चरबीतून 'मूलपेशी' काढून गुडघ्यात, पाठीत, डोळ्यांत टोचून देणारी दुकानं अमेरिकेत शेकड्यांनी उघडली. फ्लोरिडातल्या अशा एका दवाखान्यात तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत इंजेक्शनं दिली गेली आणि त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी त्यांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आपल्याकडे त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वं पुन्हा जाहीर केली. रक्ताच्या विकारांसारख्या मान्य आजारांत मज्जेतल्या मूलपेशींचं रोपण हा उपचार आहे, बाकी सगळं अजून संशोधन आहे आणि ते नोंदवलेल्या चाचणीतच व्हायला हवं, असं त्यांत स्पष्ट आहे. चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. कोणी ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठी मूलपेशींच्या नावाने लाखाचं बिल पुढे करत असेल, तर आईबापांनी आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

२०२० मध्ये कॅलिफोर्नियाचा पैसा संपत आला आणि क्लाइन पुन्हा मतदारांपुढे गेले. या वेळी ५५० कोटी डॉलर, प्रस्ताव क्रमांक १४. करोनाचं वर्ष, राज्याची तिजोरी ओढाताणीत. प्रस्ताव ५१ टक्क्यांनी, काठावर, मंजूर झाला. या खेपेच्या कायद्यात एक नवं कलम आलं: तयार झालेले उपचार सामान्य माणसाला परवडावेत आणि त्याच्यापर्यंत पोचावेत, हे बघण्यासाठी स्वतंत्र गट.

त्या कलमाची गरज किती खरी होती, ते एडीएच्या मुलांनीच दाखवून दिलं. उपचार चाचणीत यशस्वी झाल्यावर त्याचे हक्क एका कंपनीकडे गेले. पण या विकाराची बाळं जगात इतकी थोडी जन्मतात की नफ्याचं गणित जुळेना. कंपनीने त्यावरचं काम सोडलं. ज्या उपचाराने डझनांनी मुलं बरी झाली होती तो फडताळात पडला, आणि यादीत नाव असलेली बाळं प्रतिकारशक्तीशिवाय, घरात कोंडून, वाट बघत राहिली. त्यांचे आईबाप पुन्हा बोलू लागले, वर्तमानपत्रांशी, विद्यापीठाशी, अधिकाऱ्यांशी. २०२२ मध्ये हक्क लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडे परत आले, राज्याच्या संस्थेने पुन्हा अनुदान दिलं आणि थांबलेल्या मुलांना उपचार मिळू लागले. आता जनहितासाठी म्हणून नोंदवलेली एक छोटी कंपनी या उपचाराला औषध म्हणून सरकारी मंजुरी मिळवण्याच्या कामाला लागली आहे.